आधी विचारा, मग बटण दाबा

पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेला एखादा वजनदार कॅमेरा असतो. भंगारात देण्याआधी त्याची लेन्स बरणीच्या झाकणासारखी फिरवून पाहा. आटे सुटून ती हातात आली, तर तो बहुधा ४२ मिलिमीटर आट्यांचा कॅमेरा असेल. तो जपून ठेवा.

या आट्यांची सुरुवात जर्मनीत झाली. १९४९ साली ड्रेस्डेनच्या काँटॅक्स-एस कॅमेऱ्यावर ते होते. पुढे १९६४ मध्ये जपानचा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक आला आणि नंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा झेनिट-ई. देश वेगळे, राजवटी वेगळ्या, पण आटे तेच. म्हणून झेनिटची लेन्स पेंटॅक्सवर सहज बसते. एक कडी लावली की आजच्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावरही बसते.

आमच्या घरी स्पॉटमॅटिक आहे. त्याची बॅटरी फक्त प्रकाश मोजणारा काटा हलवते. शटर स्प्रिंगवर चालते, त्यामुळे बॅटरी संपली तरी फोटो निघतो. मात्र घाईने निघत नाही. आधी लेन्सचे कडे फिरवून चेहरा स्पष्ट करायचा. मग बाजूची कळ वर सरकवायची. आतला देखावा काळोखा होतो आणि काटा हलू लागतो. तो मधोमध आला की बटण दाबायचे.

आजची मुले म्हणतील, एवढा वेळ कशाला? आम्ही म्हणतो, या वेळातच खरी गोष्ट आहे. आमच्या नानींना फोटो काढून घेणे पसंत नाही. तसवीर काढावी की नाही, याबद्दल उलेमांमध्येही मतभेद आहेत. नानींनी आपल्यापुरता फैसला केलेला आहे. पण मोबाईल हातात आल्यापासून त्यांना कुणी विचारेनासे झाले. भाजी निवडताना, तस्बीह ओढताना फोटो निघतो आणि पाच मिनिटांत दूरच्या नातलगांच्या स्टेटसवर दिसतो. नानी बोलत नाहीत, पदर पुढे ओढतात.

आट्यांच्या कॅमेऱ्याने असे चोरून काढणे अवघड आहे. समोर उभे राहावे लागते, कडे फिरवावे लागते. समोरच्याला “नको” म्हणायला सवड मिळते. ईदच्या दिवशी आमच्या मुलीने कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी विचारले, “नानी, काढू का?” नानी म्हणाल्या, “माझा नको. या शीरखुर्म्याच्या भांड्याचा काढ.” तिने तोच काढला. आमच्या मते त्या रोलमधला सर्वांत चांगला फोटो तोच आहे.

एका रोलवर ३६ फोटो. पुसून पुन्हा काढायची सोय नाही आणि रोल स्वस्तही नाही. म्हणून इस्राफ टळतो. ब्लॅक-अँड-व्हाइट रोल घरीही धुता येतो. पूर्ण अंधारात फिल्म डब्यात भरली की पुढचे काम उजेडात होते. द्रावण साधारण २० अंशांचे ठेवायचे, कोमट नाही. घरातल्या बायामुलींचे फोटो घरातच राहतात, ही अमानत सांभाळली जाते.

जुना कॅमेरा विकत घेताना मागचे झाकण उघडून प्रत्येक वेगावर शटर चालवून पाहा. लेन्स उजेडासमोर धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

आणि घरात असा कॅमेरा नसला, तरी नियम मोबाईललाही लावता येतो. मुलांना एवढेच शिकवा: आधी विचारायचे, “नको” आले तर हात खाली घ्यायचा.