अभिमान पुरे, पुठ्ठा कापा

अल-जझरीने 1206 मध्ये यंत्रांवरचं पुस्तक पूर्ण केलं, हे आपण जलशांत अभिमानानं सांगतो. त्याच्या नावेतले बाहुले फिरत्या दांड्यावरच्या खुंट्या तरफांना धक्का देत म्हणून ढोल वाजवत, हे मात्र सांगत नाही. आमच्या मुलांना नाव पाठ, खुंटी माहीत नाही. विज्ञान प्रदर्शनात तर विकतची मॉडेलं!

पुठ्ठ्याची गोल चकती कापा. भोक मध्यापासून जरा बाजूला पाडून ती जाड तारेवर घट्ट बसवा. फिरवली की वर टेकवलेली काडी वर-खाली होते, काडीवरची कागदी चिमणी नाचते. भोक आणखी कडेला नेलं तर चिमणी जास्त उंच जाते. हे मूल स्वतःच शोधतं, व्याख्या लिहून द्यावी लागत नाही. मग वर्गात कुणीतरी विचारतंच, "सर, भोक बरोबर मधोमध पाडलं तर?"