मारेकऱ्याआधी मृताचे नाव

१९८५ ते १९८७ या काळात मुंबईत सायन आणि किंग्ज सर्कलच्या परिसरात उघड्यावर झोपलेली बारा माणसे मारली गेली. पद्धत प्रत्येक वेळी तीच होती. रात्री कोणीतरी येई, एकट्या झोपलेल्या माणसाच्या डोक्यात मोठा दगड घाली आणि अंधारात नाहीसा होई. हॉटेलात काम करणारा एक वेटर अशा हल्ल्यातून वाचला. पण काळोखात त्याला हल्लेखोराचा चेहरा दिसला नव्हता. पुढे हे खून आपोआप थांबले. जून १९८९ मध्ये तेव्हाच्या कलकत्त्यात तसेच सत्र सुरू झाले आणि सुमारे सहा महिन्यांत तेरा जणांचा बळी गेला. तिथल्या वृत्तपत्रांनी मारेकऱ्याला ‘स्टोनमॅन’ हे नाव दिले. दोन्ही शहरांतला मारेकरी एकच होता की नाही, हे सिद्ध झाले नाही. या खुनांबद्दल एकालाही शिक्षा झालेली नाही.

या गूढाचे आकर्षण अजून ओसरलेले नाही. २००९ मध्ये त्यावर हिंदी चित्रपट निघाला. निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या गप्पांत आणि वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत ‘तो कोण होता?’ हा प्रश्न फिरून फिरून येतो. माझ्या मते हा प्रश्न आपण चुकीच्या टोकाला धरून बसलो आहोत. मारले गेले ते कोण होते, हे आधी विचारायला हवे होते. यात करुणेचा भाग आहेच, पण तपासाच्या दृष्टीनेही क्रम हाच आहे. मृताचे नाव कळले की त्याचे घर कळते, त्याला शेवटचे कोणी पाहिले ते कळते, तो नेहमी कुठे झोपायचा आणि त्या रात्री तिथे का नव्हता, हे विचारता येते. मारेकरी आणि मृत यांची ओळखदेख नसते तेव्हा तर एवढाच धागा हाती असतो. बेवारस म्हणून नोंदलेल्या देहाबरोबर तोही जळून जातो.

नाव हाती लागले की काय घडू शकते, हे पाहायचे तर सत्तर वर्षांहून अधिक मागे, मद्रासच्या एग्मोर स्थानकावर जावे लागेल. ऑगस्ट १९५२ मध्ये तिथून सुटलेल्या बोट मेलमध्ये कोणीतरी एक ट्रंक ठेवून दिली. ही गाडी धनुष्कोडीपर्यंत जाई आणि प्रवासी पुढे बोटीने सिलोन गाठत. वाटेत दुर्गंधी असह्य झाल्याने मानामदुराई येथे ट्रंक उघडण्यात आली, तेव्हा आत शिर नसलेला पुरुषाचा देह निघाला. पुढे शिर मद्रासमध्येच, रायपुरमच्या किनाऱ्यावर सापडले. या देहाला कायमचे निनावी करण्याचा बेत मारेकऱ्यांनी किती विचारपूर्वक आखला होता, ते पाहावे. धड शेकडो किलोमीटर दूर पाठवले होते आणि शिर समुद्राच्या हवाली केले होते.

तो बेत फसला, कारण त्या माणसाची वाट पाहणारे कोणीतरी होते. आळवंदार हा शहरातल्या बाजारात पेन विकणारा इसम. तो घरी आला नाही म्हणून पत्नी शोधात निघाली आणि पोलिसांकडे गेली. शिराची ओळख तिनेच पटवली. मद्रास मेडिकल कॉलेजचे न्यायवैद्यक प्राध्यापक डॉ. सी. बी. गोपालकृष्णन यांनी अवशेषांची तपासणी केली. आळवंदार पूर्वी सैन्यात होता, त्यामुळे त्याच्या बोटांचे ठसे लष्करी दफ्तरात होते, ते जुळले. तोवर मुंबईला पळालेले दाम्पत्य पकडले गेले आणि १९५३ मध्ये दोघांनाही शिक्षा झाली. संगणक नाही, डीएनए नाही. एक चिकाटीची पत्नी, एक जाणता डॉक्टर आणि एक जुनी फाईल यांवर हे काम झाले.

फुटपाथवर मेलेल्यांच्या वाट्याला यातले काहीही येत नाही. रामन राघवच्या वेळीही ते आले नव्हते. मुंबईच्या उपनगरांत १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये झोपडीत, रस्त्याकडेला झोपणाऱ्यांवर हल्ले झाले. ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला ओळखून पकडले, ते जुन्या छायाचित्राच्या आधारे. ठशांनी ओळख पक्की झाली. त्याची नोंद पोलिसांकडे आधीपासून होती, म्हणून तो सापडला. पहिल्या सत्राच्या वेळी तो हाती लागला होता आणि पुराव्याअभावी सुटला होता, हेही विसरू नये. दगड घालणाऱ्याची अशी फाईल नसेल, तर त्याच्यापर्यंत पोहोचायला मृतांखेरीज दुसरी वाट उरत नाही.

ही वाट टाळून दुसऱ्या टोकाकडून घाईने जाण्याचा परिणामही मुंबईने पाहिला आहे. ऑक्टोबर २००६ ते जानेवारी २००७ या काळात चर्चगेट, मरीन लाइन्स भागात सात खून झाले. काही मृतदेहांजवळ बिअरची बाटली सापडल्याने मारेकऱ्याला ‘बिअर मॅन’ हे नाव चिकटले. एकाला अटक झाली, नार्को चाचणीचा गाजावाजा झाला, एका खुनासाठी जन्मठेप झाली आणि २००९ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना केलेली नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. माध्यमांनी टोपणनाव दिले की पोलिसांवर त्या नावाला चेहरा देण्याचा दबाव येतो. मृतांसाठी असा दबाव कोणी आणत नाही.

१९८५ या वर्षाचा एक योगायोग मला अस्वस्थ करतो. त्याच जुलैमध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथवासीयांबद्दल निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र रीतसर नोटीस देऊन त्यांना हटवता येईल, असेही म्हटले. पदपथवासीय हा नागरिक आहे की अडथळा, यावर देशाचे सर्वोच्च न्यायपीठ बोलत असतानाच्या काळात त्याच शहरात त्याला झोपेत मारले जात होते. त्याच वर्षी अमेरिकेत एफबीआयने निरनिराळ्या हद्दींतील खुनांचे साम्य ताडून पाहणारी यंत्रणा सुरू केली. आपल्याकडे मुंबईनंतर कलकत्त्याची पाळी आली.

२०११च्या जनगणनेत बेघरांची संख्या सुमारे १७.७ लाख होती. त्यांच्यातला कोणी रात्री मेला, तर अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, देह काही काळ शवागारात राहतो आणि मग अंत्यसंस्कार. २०२२च्या कायद्याने आरोपी आणि दोषींची जैविक मोजमापे घेण्याचे अधिकार पोलिसांना भरघोस दिले. डीएनए तंत्रज्ञान विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्यासाठी वेगळ्या सूची होत्या. ते विधेयक २०२३ मध्ये सरकारने मागे घेतले. त्याला झालेला विरोध अनाठायी नव्हता. संशयितांची जनुकीय माहिती सरकारी साठ्यात ठेवणे हा खासगीपणाचा गंभीर प्रश्न आहे. पण मृतांची सूची आणि स्वेच्छेने नमुना देणाऱ्या नातलगांची सूची यांना तोच आक्षेप लागू होत नाही. या दोन सूचींपुरताच छोटा कायदा संसदेने करावा आणि कोणत्याही अनोळखी देहावर अंत्यसंस्कार होण्यापूर्वी नमुना, ठसे व छायाचित्र जतन करणे बंधनकारक करावे. कॅलिफोर्नियातील १९७० आणि ८०च्या दशकांतील खुन्याला २०१८ मध्ये पकडता आले, कारण जुने नमुने कोणीतरी जपून ठेवले होते.

तोवर महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल सरकारांनी एक काम करावे, त्याला कायद्याचीही गरज नाही. मुंबईचे बारा आणि कोलकात्याचे तेरा, अशा पंचवीस मृतांची यादी त्यांनी जाहीर करावी. ज्यांची नावे पोलीस दफ्तरात आहेत ती द्यावीत आणि ज्यांची नाहीत, त्यांच्यापुढे वय, ठिकाण, तारीख आणि अंगावरच्या खुणा लिहाव्यात.