लेबल पुडीला; ताटलीला कोण लावणार?

अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत हिवतापाच्या गोळ्या आणि गाडीवरचे अजिनोमोटो घातलेले 'चायनीज' एकाच पोटात जाते. दोन्ही एकत्र दिल्याने उंदरांच्या यकृताला इजा झाली, असे काही प्रयोग सांगतात. पण माणसात तसे सिद्ध झालेले नाही. तेव्हा या धास्तीने कोणीही डोस अर्धवट सोडू नये. व्हायवॅक्स हिवतापात प्रायमाक्वीन १४ दिवस घ्यावे लागते. कारण ताप उतरला तरी जंतू यकृतातच दडून बसतो आणि पुन्हा उलटतो.

खरा धोका वेगळा आहे. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी कमी, त्यांच्या तांबड्या पेशी याच गोळीने फुटतात. डोळे पिवळे, लघवी काळपट होते. काही आदिवासी जमातींत ही कमतरता अधिक आढळते. मग धारणी-चिखलदऱ्यात गोळी देण्याआधी ही तपासणी होते काय?

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली पाकिटावर घटक छापावे लागतात. गाडीवरच्या ताटलीत काय पडले ते मजुराला कोण सांगणार? संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. आम्ही दया मागत नाही. गोळीआधी तपासणी आणि ताटलीतल्या घटकांची पाटी, एवढे दोन हक्क मागतो.