जळकं ऑइल चेनीला लावणं बंद करा

आज पिकाचं नाही, गाडीचं बोलू.

खताचं पोतं, दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, मागं घरची माणसं. सगळा भार एका चेनीवर. अन् त्या चेनीला आपण पाजतो काय? गॅरेजमधलं जळकं ऑइल. का, तर फुकट मिळतं!

इंजिनला जे नको झालं ते चेनीला कसं चालेल? त्यात काजळी असते, झिजलेल्या धातूचा बारीक कीस असतो. वरून आपल्या काळ्या मातीची धूळ चिकटली की झाला पॉलिश पेपर तयार. चेन खरी झिजते ती आत, पिन अन् बुशमध्ये. तिथं झिजली की लांबते, सॉकेटचे दात खाते, अन् मग पूर्ण सेटच बदलावा लागतो. फुकटचं ऑइल असं महागात पडतं.

"कोरड्या चेनीपेक्षा जळकं बरं," असं काही जण म्हणतात. एखाद्या अडल्या दिवशी ठीक आहे, पण वर्षभर तेच कशाला? ग्रीस थापणाऱ्यांनाही सांगतो, घट्ट ग्रीस आत जातच नाही, बाहेर बसून माती गोळा करतं.

नव्वद नंबरचं गिअर ऑइल आणा. एका वेळी चार चमचेही लागत नाही, लिटरभर डबा कितीतरी दिवस पुरतो. शेत अन् गंगाखेड मिळून रोज 25 किलोमीटर गाडी पळाली तर 20 दिवसांत 500 होतात. तेवढ्यात एकदा चेन बघायचीच. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर किंवा गाडी धुतल्यावर लगेच.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. कव्हर काढून रॉकेल नाहीतर डिझेल अन् ब्रशनं माती काढा. पेट्रोल नको, तारेचा ब्रशही नको, रबरी रिंगची चेन असेल तर रिंगा खराब होतात. कोरडी पुसा. चाक हातानं फिरवत चेनीच्या आतल्या बाजूनं थेंब थेंब ऑइल सोडा. थोडं मुरू द्या, वरचं पुसून घ्या. ढिलेपणा गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच ठेवा. लई ताणली तर बेअरिंग जातं. लई ढिली असली तर चेन उतरते, चाकात अडकली की चाक जाम. मागं लेकरू बसलेलं असतं, हे ध्यानात ठेवा.

अन् गाडी चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनीला फडकं लावणाऱ्यांनो, हे आजच सोडा. फडकं ओढलं गेलं की बोटं सॉकेटमध्ये जातात. दोन मिनिटं वाचवायला बोटं घालवू नका.

कृषी सहायक साहेब, तुम्ही आम्हाला फवारणी पंप धुवून ठेवायला सांगता, ते बरोबरच आहे. पण तुमची गाडी बांधावर येते तेव्हा चेनीची खडखड आम्हाला आधी ऐकू येते. पुढच्या फेरीला बिनआवाजाची या.