उताऱ्याच्या युक्त्या कोणाच्या मालकीच्या?

परीक्षेत उतारा सोडविण्याच्या युक्त्या शिकवाव्यात, असे म्हणताच शिक्षणप्रेमी मंडळी नाक मुरडतात. वाचन हे संस्काराचे साधन. त्यात युक्ती कसली, असा त्यांचा सवाल असतो. सवाल उदात्त आहे. परंतु तो विचारणाऱ्यांपैकी अनेकांची मुले शिकवणीवर्गात पैसे मोजून त्याच युक्त्या शिकत असतात, हे कसे विसरावे?

जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा घ्या. १९८५-८६ साली देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये हरियाणातील झज्जर व यवतमाळच्या शेजारील अमरावती येथे निघाली. यवतमाळ जिल्ह्याचे विद्यालय घाटंजी तालुक्यातील बेलोऱ्यास आहे. सहावी ते बारावी, सात वर्षे निवास, भोजन व शिक्षण मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या कुटुंबाला ही केवढी जागा आहे, हे सांगावयास नको. आणि ती मिळते ती पाचवीत दिलेल्या दोन तासांच्या एका परीक्षेवर. ८० प्रश्न, १०० गुण. त्यांपैकी भाषेचे २० प्रश्न चार उताऱ्यांवर, २५ गुणांचे.

या परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरीने वीसांपैकी पाच उत्तरे बरोबर येतात. उघड चुकीचे दोन पर्याय आधी खोडले तर दहा येतात. सवासहा गुणांचे साडेबारा होतात, ज्ञानात तसूभरही भर न पडता! ज्याला हे कोणी सांगितले नाही, ते प्रामाणिक पोर न येणारा प्रश्न कोरा सोडून येते. आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा. ‘नाही’, ‘वगळता’ या शब्दांखाली रेघ ओढावी. उत्तर उताऱ्यातूनच द्यावे, स्वतःच्या माहितीतून नव्हे. ही शेवटची सूचना तर शेतकऱ्याच्या मुलालाच अधिक हवी. उतारा कापसावर असेल, तर त्याला लेखकाहून अधिक ठाऊक असते, आणि नेमके तेच ठाऊक असणे त्याचा गुण घालविते.

यात गूढ विद्या कोणतीही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवडाभरात शिकविता येईल एवढाच हा मामला. असे असता ती विकत घ्यावी लागावी, ही वाचनसंस्कृतीची सेवा नव्हे, शिकवणीवर्गांच्या मक्तेदारीची सेवा होय. शाळेने सोवळे पाळले म्हणून युक्त्या नाहीशा होत नाहीत. फक्त त्यांचे शुल्क लागते.

तथापि युक्तीलाही मर्यादा आहे. पर्याय खोडावयास पर्याय कळावा लागतो. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडील पोडांवरील कोलाम मुलाच्या घरची कोलामी द्राविडी कुळातील. मराठी उतारा त्याला दुसऱ्या भाषेचा. तांड्यावरील मुलाची घरची भाषा गोरमाटी. या जिल्ह्याने वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री दिले, त्यांच्या समाजाचीच ही भाषा. तरीही परीक्षेच्या माध्यमांत तिला जागा नाही. कोलामीला नाही, गोंडीलाही नाही. मेघालयात मात्र हीच परीक्षा खासी व गारोतून, मिझोराममध्ये मिझोतून देता येते. म्हणजे अडचण तत्त्वाची नाही, तंत्राचीही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले. त्याच केंद्र शासनाची परीक्षा त्याच पाचवीतील कोलाम मुलापुढे मराठी उतारा ठेवते आणि त्याच्या आकलनाचे माप घेते.

जुन्या प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिकेचे कोरे नमुने प्रत्येक शाळेत फुकट पोचविणे जिल्हा परिषदेला याच वर्षी करता येईल. कोलामी व गोरमाटीतील उतारे तयार करावयास वेळ लागेल. परंतु त्यासाठी त्या भाषा बोलणारे शिक्षक यवतमाळातच शोधावे लागतील, दिल्लीत नव्हे.