सिकलसेलची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याचा अधिकार कुणी दिला?

आमच्या वस्तीत सिकलसेल तपासणीचे शिबिर झाले. तिसऱ्याच दिवशी वाहक आणि रुग्ण निघालेल्यांची यादी, नाव-आडनाव-मोबाईलसह, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. ‘कामाच्या सोयीसाठी’ कुणीतरी फोटो काढला होता म्हणे! एका मुलीची ठरत आलेली सोयरीक त्यामुळे मोडली. ती वाहक आहे, आजारी नाही. पण ऐकतो कोण?

विदर्भात सिकलसेल आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात जास्त आढळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून अशी यादी नुसती आजाराची राहत नाही, ती जातीचीही होते. ‘आजाराला जात नसते’ असे आम्हाला ऐकवणाऱ्यांनी ही यादी एखाद्या घरमालकाच्या हाती पडू द्यावी, मग बोलू.

तपासणीला आमचा विरोध नाही. (हे आधीच सांगितलेले बरे, विज्ञानविरोधी म्हणायला लोक टपलेलेच असतात.) २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या मिशनला ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आहे. जरूर करा. दोन वाहकांच्या लग्नात प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते, हे पोरापोरींना कळलेच पाहिजे. पण त्यांना कळले पाहिजे, गावाला नव्हे.

कागदाची यादी सांभाळता येत नाही, आणि आता आपले रिपोर्ट १४ अंकी आभा क्रमांकाला जोडायचे आहेत. आभा ऐच्छिक आहे, असे सरकारच म्हणते. खिडकीवर मात्र ‘आधार द्या, ओटीपी सांगा’ एवढेच ऐकू येते. ओटीपी सांगितला की झाली संमती! २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाले होते. तिथे ही गत, तर तालुक्याच्या कॉम्प्युटरचे काय?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करण्यावर बंधन घातले. सिकलसेलसाठी तसा कायदा नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर आरोग्याच्या माहितीला वेगळा दर्जाच नाही. २०१९ च्या विधेयकात ती ‘संवेदनशील’ होती, पुढे तो शब्दच गळाला. कुणाच्या सोयीसाठी?

पुढच्या शिबिरात आपली पोरे टेबलापाशी उभी राहतील. निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्याच हाती. समजावणे मराठीत, आडोशाला. यादीवर मोबाईल धरणाऱ्याला तिथेच अडवायचे. त्या फोटोबद्दल आम्ही लेखी तक्रार दिली आहे, पोचही घेतली आहे. उत्तर अजून आलेले नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहोत, ज्यांना यायचे त्यांनी यावे.

जयभीम.