मासळीची तपासणी होते, ड्रायव्हरच्या झोपेची कधी?



१ ऑगस्ट जवळ आला. बंदीचे ६१ दिवस संपत आले. जाळी दुरुस्त झाली, इंजिनं उघडून परत बसवली, बर्फवाल्याला आगाऊ पैसे देऊन झाले. या धांदलीत एक विषय मांडतो आहोत. तो होडीचा नाही, गाडीचा आहे. पण जेटीवर उतरलेली आमची मासळी बाजारात पोचते ती गाडीनेच. म्हणून तो आमचाही विषय आहे.

आमच्या जेटीवर बरीच वर्षं मासळी भरायला येणारे एक ड्रायव्हर आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने भरलेले, स्वभावाने शांत. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. दुपारी गाडी लावून केबिनमध्ये आडवे झाले की त्यांचं घोरणं पार लिलावाच्या शेडपर्यंत ऐकू यायचं. आमचे खलाशी हसायचे. "बोटीचं इंजिन चालू झालं," म्हणायचे. आम्हीही हसलो आहोत. माणूस दमलाय, गाढ झोपलाय, एवढंच आम्हाला वाटायचं.

मागच्या हंगामात एका रात्री ते बांगड्याची गाडी घेऊन बेळगावला निघाले. अनमोड घाट नीट चढले. रामनगरच्या पुढे, सरळ रस्त्यावर, पहाटे तीनच्या सुमारास गाडी डाव्या बाजूच्या चरात गेली. समोर दुसरं वाहन नव्हतं, पाऊस नव्हता, टायर फुटला नव्हता. रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नव्हती. क्लिनर पोराच्या खांद्याचं हाड मोडलं. क्रेट रस्त्याकडेला सांडले. कागदावर लिहिलं गेलं, 'हयगयीने गाडी चालवणे'.

घाटात डोळा लागत नाही, कारण वळणं माणसाला जागं ठेवतात. डोळा लागतो तो घाट संपल्यावर. गाडी चालवणाऱ्या कोणालाही हे विचारा.

आम्ही घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी सांगितलं, "झोपेत ह्यांचा श्वास मधेच बंद पडतो. मग एकदम गचका मारून उठतात. कित्येक रात्री मी नुसती हलवत बसलेय." पुढे डॉक्टरांनी रात्रभराची चाचणी केली. तासाला चाळीसहून जास्त वेळा श्वास अडत होता. आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. गंमत अशी, की अपघाताच्या तीन महिने आधीच त्यांनी लायसन नवं करून घेतलं होतं. वैद्यकीय दाखल्यावर ते ठणठणीत होते.

दाखला खोटा नव्हता. त्यात जे विचारलं होतं त्यात ते खरोखरच पास होते. झोपेबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

आधी आजार काय आहे ते साध्या शब्दांत सांगतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या घशाची वाट तेवढ्याने बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो, आणि परत तेच. तासाला पाचच्या खाली हे झालं तर चिंता नसते. पंधरा ते तीस म्हणजे मध्यम, तिसाच्या वर म्हणजे तीव्र. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. आठ तास झोपलो असंच त्याला वाटतं. पण ती झोप लागलेलीच नसते. मग दिवसा, किंवा रात्री गाडी चालवताना, मेंदू आपली थकबाकी वसूल करतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी तीन सेकंदांच्या डुलकीत ५० मीटर जाते.

मोठमोठ्याने घोरणं म्हणजे गाढ झोप, ही आपली समजूत चुकीची आहे. पुष्कळ वेळा ते घसा अडत असल्याचं लक्षण असतं.

आता कायदा काय सांगतो ते बघू. व्यावसायिक वाहनाच्या लायसनसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार डॉक्टरांचा दाखला लागतो. त्याचं नाव फॉर्म १-अ. त्यात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, तीव्र रंगांधळेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हातपाय धड आहेत का, हे बघतात. शिवाय फॉर्म १ मध्ये ड्रायव्हर स्वतः लिहून देतो, की मला फेफरं येत नाही, अचानक शुद्ध हरपत नाही, चक्कर येत नाही. सगळे प्रश्न रास्त आहेत. पण ते सगळे जाग्या माणसाचे आहेत. घोरता का, झोपेत श्वास अडतो का, दिवसा डुलकी येते का, हे मात्र त्यात नाही.

त्यात भर म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीने व्यावसायिक लायसनची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. ड्रायव्हरचा हेलपाटा वाचला, चांगलं झालं. पण पाच वर्षांत माणसाचं वजन वाढतं, मान जाड होते, रक्तदाब सुरू होतो. दाखला मात्र जुनाच चालतो.

आमचं म्हणणं सरळ आहे. व्यावसायिक ड्रायव्हरच्या दाखल्यात झोपेची तपासणी आली पाहिजे. पण त्यासोबत उपचाराची सोय आणि नोकरीची हमीही आली पाहिजे. नुसती तपासणी आणली तर ड्रायव्हर आजार लपवायला शिकेल, आणि रस्ता आहे त्याहून धोक्याचा होईल.

हे हवेत बोलत नाही. अमेरिकेत काय झालं ते बघण्यासारखं आहे. तिकडे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ट्रक नेणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षांनी वैद्यकीय दाखला घ्यावा लागतो. स्लीप अ‍ॅप्नियाच्या तपासणीचा नियम करावा म्हणून तिकडच्या सरकारने मार्च २०१६ मध्ये लोकांची मतं मागवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला न्यू जर्सीत होबोकन स्टेशनवर लोकल गाडी थांबायच्या जागी पुढे घुसली. एक बाई मेली, शंभरावर माणसं जखमी झाली. गाडी चालवणाऱ्याला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया होता, आणि तो अपघातानंतर कळला. एवढं होऊनसुद्धा ऑगस्ट २०१७ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. मग सगळं दाखला देणाऱ्या डॉक्टरच्या मतावर राहिलं. एक डॉक्टर चाचणीला पाठवणार, दुसरा सही करून मोकळा होणार.

तिकडच्या ड्रायव्हरांचा विरोध का होता तेही समजून घ्यायला हवं. चाचणीचा खर्च खिशातून, चाचणी होईपर्यंत गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणजे घरखर्च बंद. होडी किनाऱ्याला लागली की काय होतं हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

युरोपने दुसरी वाट धरली. २०१४ च्या त्यांच्या निर्देशानुसार मध्यम किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्नियाचा संशय असेल तर लायसन देण्याआधी किंवा नवं करण्याआधी डॉक्टरी सल्ला घ्यायचा. उपचार सुरू आहेत आणि झोप ताब्यात आहे हे दाखवलं की गाडी चालवता येते. ट्रक-बसच्या ड्रायव्हरने दर वर्षी परत दाखवायचं. म्हणजे आजार सापडला म्हणून माणूस कायमचा घरी बसत नाही.

आणि उपचाराचा उपयोग होतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीच्या ड्रायव्हरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना आजार होता आणि ज्यांनी उपचार अजिबात घेतले नाहीत, त्यांच्या हातून टाळता येण्यासारखे गंभीर अपघात पाच पटीने जास्त झाले. ज्यांनी नेमाने उपचार घेतले, ते आजार नसलेल्यांच्या बरोबरीला आले. उपचार म्हणजे तरी काय? रात्री नाकावर मास्क लावून झोपायचं. सीपॅप नावाचं यंत्र हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. जोडीला वजन कमी करणं, दारू बंद करणं.

आमच्या सभेत हा विषय काढला तेव्हा काही सभासदांनी आक्षेप घेतले. ते खोटे नाहीत.

पहिला, "ड्रायव्हर आधीच मिळत नाहीत, त्यात तपासणी आणली तर आहेत तेही जातील." आम्ही म्हणतो, ज्याचा आजार बरा करता येतो तो ड्रायव्हर गमावणं हेच जास्त महाग. आमचे तेच ड्रायव्हर आज मास्क लावून झोपतात. "वीस वर्षांनी सकाळ बघितली," असं ते म्हणतात. गाडीवर परत येतायत.

दुसरा, "सगळ्यांना रात्रभर इस्पितळात झोपवणार कसं?" सगळ्यांना नाहीच. आधी आठ प्रश्नांची एक चाळणी आहे, जगभरचे डॉक्टर ती वापरतात. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिलंय का, रक्तदाब आहे का, आणि पुढे वजन, वय, मानेचा घेर, पुरुष की बाई. मोजपट्टी आणि दोन मिनिटं पुरतात. तीनपेक्षा कमी 'हो' आले तर धोका कमी, पाच किंवा जास्त आले तर चाचणी करायलाच हवी. मात्र बाहेरच्या देशातली वजनाची मोजपट्टी जशीच्या तशी लावू नये. आपल्याकडच्या माणसाला कमी वजनावरही हा आजार होतो. आणि एक प्रश्न घरच्या माणसाला विचारावा. झोपेतलं झोपणाऱ्याला माहीत नसतं.

तिसरा, "दाखला माणूस न बघताच मिळतो, मग नवीन प्रश्न घालून काय होणार?" हा आक्षेप सगळ्यात खरा. म्हणूनच आम्ही नुसतं सरकारकडे बोट दाखवून थांबणार नाही.

२०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनचा वाद पेटला तेव्हा गोव्यात केवढी खळबळ झाली हे सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या मासळीच्या गाड्यांची तपासणी, नोंदणी, इन्सुलेटेड गाडीची सक्ती, सगळं आलं. खाणाऱ्याच्या पोटाची काळजी घेतली, ती घ्यायलाच हवी होती. पण त्याच गाडीच्या केबिनमध्ये बसलेला माणूस किती तास जागा आहे हे कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

आणि इथे आमची चूक आम्हाला कबूल करायची आहे. ड्रायव्हर दुपारी बारालाच जेटीवर येतो. होड्या उशिरा लागतात, लिलाव लांबतो, बर्फ संपतो. रात्री नऊला गाडी भरते. तोवर तो उन्हात, केबिनमध्ये, गोंगाटात. मग आम्हीच सांगतो, "पहाटेच्या बाजाराला पोचलंच पाहिजे, नाहीतर भाव पडेल." वर रात्री दोनला फोन, "कुठवर आलात?" १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या संस्थांना लागायचा. एक गाडी, एक ड्रायव्हर असा धंदा करणारा त्यातून सुटायचा, आणि आमच्याकडे बहुतेक तसेच. ज्याला आजार नाही तोही अशा रात्री डुलकी घेणार. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्याचं तर विचारूच नका.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही पुढील गोष्टी ठेवतो आहोत.

एक, फॉर्म १-अ मध्ये झोपेचे प्रश्न घालावेत, संशय असेल तर सरकारी इस्पितळात चाचणी फुकट व्हावी, आणि उपचार घेणाऱ्याचं लायसन राखावं, असा ठराव करून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला पाठवावा.

दोन, हंगाम सुरू होण्याआधी जेटीवर तपासणीचं शिबिर घ्यावं. ड्रायव्हर, क्लिनर, आणि आमचे तांडेलसुद्धा. रात्री सुकाण धरणाऱ्यालाही झोप तेवढीच लागते. कागद डॉक्टर आणि त्या माणसातच राहील. संस्था नावं मागणार नाही.

तीन, आजार सापडला म्हणून कोणाचंही भाडं बंद होणार नाही, हे संस्थेने लेखी द्यावं. उपचाराच्या मदतीसाठी क्रेटमागे एक रुपया बाजूला काढावा.

चार, जेटीवर ड्रायव्हरांसाठी पंखा असलेली एक शांत खोली, आणि भरणीला नंबर. रात्रभराच्या लांब पल्ल्याला दुसरा ड्रायव्हर. आणि मध्यरात्री फोन करून विचारणं बंद.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना कुठल्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. त्या आमच्याच हातात आहेत.

वादळाचा इशारा आला की आम्ही होडी काढत नाही. तोटा होतो, तरी काढत नाही. केबिनमधून ऐकू येणारं ते घोरणंही एक इशाराच होता. आम्ही वर्षानुवर्षं ऐकला आणि हसलो. त्या पोराचा खांदा जुळलाय, पण क्रेट उचलताना अजून दुखतो. तो आता काही बोलत नाही, आम्हीच विचारतो.

तुमच्या घरात, होडीवर, गाडीवर कोणी असं घोरत असेल, झोपेत श्वास अडत असेल, तर हसू नका. त्याला डॉक्टरकडे न्या. शिबिरासाठी नाव द्यायचं असेल तर जेटीवरच्या कार्यालयात सांगा.